दिव्यांगांच्या वाहनाची जागा : नियम कुणी पाळायचा, कुणी पाळायला लावायचा



दिव्यांग व्यक्तींसाठी राखलेली पार्किंगची जागा हा आजचा विषय आहे. ज्याला पन्नास पावलं चालणंही जड जातं, त्याच्यासाठी दवाखाना, बँक आणि तहसील कचेरी किती दूर आहे, हे त्याची गाडी कुठे उभी राहते यावरून ठरतं. दारापाशी जागा मिळाली तर त्याचं काम होतं. नाही मिळाली तर तो कुणाला तरी सोबत घेऊन येतो, किंवा येतच नाही. म्हणून या जागेला सवलत म्हणू नका. तो हक्क आहे.

हक्क म्हणतो, कारण तसा कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 41 मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळांवरच्या सुविधा सांगताना पार्किंगच्या जागेचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 44 सांगतं की सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला कलम 45 ने नियम आल्यापासून 5 वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून 2022 मध्येच संपली.

जागा कशी असावी, हेही ठरलेलं आहे. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत दोन मोटारींची जागा राखायची, प्रत्येकीची रुंदी किमान 3.6 मीटर ठेवायची आणि ती राखीव असल्याचा फलक ठळक लावायचा. साध्या मोटारीला अडीच मीटर पुरतात. वरचं एक मीटरहून जास्त अंतर व्हीलचेअरसाठी आहे. दार पूर्ण उघडायचं, खुर्ची दाराला लावायची आणि सीटवरून खुर्चीत सरकायचं, यासाठी तेवढी जागा लागतेच. तिथे कुणी मोटरसायकल लावली की आतला माणूस आतच अडकतो. लावणाऱ्याला वाटतं, आपण रिकामी फट वापरली.

पण जालन्यात नुसत्या मोटारीचा विचार करून भागणार नाही. आपल्या जिल्ह्यातले अनेक दिव्यांग बांधव जोडचाकं लावलेल्या स्कूटरवर किंवा तीनचाकी सायकलवर फिरतात. भोकरदन, मंठा, घनसावंगीहून जिल्ह्याच्या ठिकाणी येणारा माणूस अशीच स्कूटर घेऊन येतो. ती दुचाकींच्या दाटीत मावत नाही. मागे दुसरी गाडी लागली तर त्याला उतरून आपली स्कूटर ओढून बाहेर काढता येत नाही. मागच्या गाडीचा मालक येईपर्यंत उन्हात बसून राहणं एवढंच त्याच्या हाती उरतं. म्हणून मोटारींच्या दोन जागांसोबत, रॅम्पच्या अगदी शेजारी, सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येईल अशी स्कूटरची जागाही आखली पाहिजे.

आता अंमलबजावणीकडे येऊ. एसटीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. ती मिळते, कारण ओळखपत्र पाहून तिकीट फाडणं हे वाहकाचं नेमून दिलेलं काम आहे. पार्किंगच्या निळ्या फलकाला असा वाहक नाही. फलक लावणारा निघून जातो आणि जागा बळकट पायांच्या माणसांच्या सदसद्‌विवेकावर सोडली जाते. नियम मोडतो तो इथे.

म्हणून जबाबदारी ठरवून घेऊ. सार्वजनिक रस्त्यावर जागा नेमण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 मध्ये आहे. तिथे महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी मिळून काम करायचं. आपली नगरपालिका 2023 मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा शिवाजी पुतळा, मामा चौक, मोंढा अशा गर्दीच्या ठिकाणी या जागा आखणं तिचं पहिलं काम मानावं. महाराष्ट्रात चुकीच्या पार्किंगला पहिल्या वेळी 500 आणि पुढे 1500 रुपये दंड आहे. राखीव जागेवरच्या गाडीचा फोटो काढून ई-चलान पाठवणं अवघड नाही. सरकारी कचेरीच्या आवारात कार्यालयप्रमुख जबाबदार आणि खासगी रुग्णालय, मंगल कार्यालय, दुकान संकुलात व्यवस्थापन जबाबदार. दारावरच्या सुरक्षारक्षकाला ही जागा राखण्याचं काम लेखी द्या. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी गाड्या मंदिरापासून दूर थांबवाव्या लागतात. त्या बंदोबस्ताच्या आराखड्यातही दिव्यांगांच्या वाहनाची वाट आधीच दाखवलेली असावी.

दुसरा प्रश्न ओळखीचा. हा हक्क गाडीचा की माणसाचा? ब्रिटनने 1970 च्या कायद्याने याचं उत्तर दिलं. 1971 पासून तिथे व्यक्तीच्या नावाचं कार्ड मिळतं आणि ती व्यक्ती ज्या गाडीत असेल त्या गाडीच्या काचेवर ते लावता येतं. दुसऱ्याने वापरलं तर 1000 पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्याकडे अशी देशभर चालणारी पद्धत रुजलेली नाही. ऑक्टोबर 2020 पासून वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार म्हणून दिव्यांग अशी नोंद करता येते, हे चांगलं झालं. पण भावाच्या गाडीतून दवाखान्यात आलेल्या दिव्यांग बहिणीला त्या नोंदीचा उपयोग नाही. तिच्याजवळ वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड असतं. त्याच्या आधारे काचेवर लावायचं कार्ड जिल्हा पातळीवर देता येईल, असा माझा प्रस्ताव आहे.

इथे एक विनंती. कुणी उतरून चालताना दिसला की लगेच लबाड ठरवू नका. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन हे लांबून दिसतातच असं नाही. विचारायचं असेल तर कार्ड विचारा. आणि जो खोटेपणाने हा लाभ घेतो, त्याला कलम 91 प्रमाणे 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

मात्र याच कायद्याच्या नियमांत 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी उणीव दाखवली. कायदा सुगम्यता सक्तीची करतो, पण त्याखालच्या नियम 15 मधले निकष मार्गदर्शक सूचनांसारखे ऐच्छिक आहेत, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे, असं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ठरवलं आणि 3 महिन्यांत बंधनकारक निकष करायला केंद्राला सांगितलं. दृष्टिबाधित अर्जदाराची ही याचिका 2005 सालची होती. एवढी वर्षं एक माणूस न्यायालयात उभा राहतो आणि आपण मात्र जागा अडवणाऱ्याला दोन शब्द बोलत नाही, हे बदललं पाहिजे.

पैशाची सबब चालणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी राखायचा आहे. चार पट्टे आणि एक फलक याला किती लागतं? त्या निधीचा हिशेब मागा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला 3 महिन्यांत केलेली कारवाई कळवावी लागते.

श्रोतेहो, उद्या तुम्ही ज्या कचेरीत, बँकेत, दवाखान्यात जाल, तिथे दारापासून 30 मीटरच्या आत ही जागा आहे का ते पाहा. नसेल तर अर्ज द्या आणि पोच घ्या. असेल आणि कुणी अडवली असेल तर त्याला गाडी हलवायला सांगा. आणि आपली स्वतःची गाडी तिथे पाच मिनिटांसाठीसुद्धा लावू नका.