आलेखातील तिसरे परिमाण : रंग



जिल्हा परिषदेच्या कचेरीपासून शाळेच्या वर्गापर्यंत आलेख आता सर्वपरिचित झाला आहे. आडव्या अक्षावर एक राशी, उभ्या अक्षावर दुसरी आणि प्रत्येक गावासाठी वा विद्यार्थ्यासाठी एक ठिपका, अशी त्याची साधी मांडणी असते. परंतु व्यवहारात केवळ दोनच गोष्टींचा संबंध क्वचित आढळतो. तिसरी गोष्ट बहुधा पडद्याआड उभी असते. सपाट कागदावर तिसरा अक्ष मावत नाही, मात्र ठिपक्याला रंग देता येतो. हा रंग शोभेसाठी नसतो. ती तिसरी माहितीच असते.

याचे प्रसिद्ध उदाहरण फुलांचे आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी मोजलेल्या आयरिसच्या 150 फुलांची मापे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली आपल्या निबंधात वापरली. फुले तीन जातींची होती, प्रत्येक जातीची 50. बाह्यदलाची लांबी व रुंदी यांचा आलेख एकाच रंगात काढला, तर लांबी वाढताना रुंदी किंचित घटते, असा भास होतो. जातिनिहाय तीन रंग देताच चित्र पालटते. प्रत्येक रंगाच्या पुंजक्यात लांबीबरोबर रुंदीही वाढताना दिसते! सेटोसा जातीचे बाह्यदल सरासरी 5 सेंटिमीटर लांब व 3.4 सेंटिमीटर रुंद, तर व्हर्जिनिकाचे 6.6 सेंटिमीटर लांब व 3 सेंटिमीटर रुंद असते. भिन्न जाती एकत्र मिसळल्यामुळेच तो उलटा भास निर्माण झाला होता.

फुलांच्या बाबतीत अशी चूक झाली, तर फारसे बिघडत नाही. गावांच्या बाबतीत मात्र बिघडते. समजा, एका तालुक्यातील गावांचा हेक्टरी खतवापर आणि हेक्टरी उत्पादन यांचा आलेख काढला आणि ठिपके उजवीकडे चढत गेलेले दिसले. सर्वत्र खत वाढवावे, असा ठराव सहज संमत होईल. आता बागायती गावांना निळा व कोरडवाहू गावांना तपकिरी रंग दिला. निळे ठिपके सारे वर उजवीकडे, तपकिरी सारे खाली डावीकडे आणि प्रत्येक पुंजक्यातला चढ जवळजवळ नाहीसा, असे चित्र निघाले, तर खरा फरक खताचा नसून पाण्याचा असावा, ही शंका घेणे भाग आहे. ती न घेतल्यास कोरडवाहू शेतकरी कर्ज काढून खत टाकील आणि शेततळ्याचा प्रस्ताव मात्र कपाटातच राहील. अर्थात रंगाने कारण सिद्ध होत नाही. चौकशी कोठे करावयाची, एवढेच त्यातून कळते.

रंगांची निवडही विचारपूर्वक करावी लागते. जात, पीक, तालुका असे निरनिराळे गट दाखवायचे असतील, तर एकमेकांपासून स्पष्ट वेगळे रंग घ्यावेत आणि त्यांची संख्या थोडी ठेवावी. पाऊस किंवा वय यांसारखी कमीअधिक होणारी राशी असेल, तर एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटा वापराव्यात. इंद्रधनुष्याचे सारे रंग वापरल्यास मधला पिवळा पट्टा विनाकारण डोळ्यांत भरतो आणि आकड्यांत नसलेली सीमारेषा दिसू लागते. काही व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, लाल व हिरव्या रंगांतील भेद कळत नाही. शिवाय कृष्णधवल छायाप्रतीत रंग नाहीसेच होतात. म्हणून रंगाच्या जोडीला ठिपक्याचा आकारही बदलावा. एका गटाला वर्तुळ, दुसऱ्याला त्रिकोण द्यावा. कोणता रंग कशाचा, हे सांगणारी सूची आलेखाशेजारी असलीच पाहिजे.

ग्रामसभेत आलेख मांडला जातो, तेव्हा त्यावरील प्रत्येक ठिपक्यामागे एक गाव, एक शेत, एक मूल उभे असते. सर्व ठिपके एकाच रंगाचे असतील, तर मंजुरीपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारला जावा : यात कोणकोण एकत्र मिसळले आहेत?