डंडी : गोणपाटावर वाढलेलें बंदर

धान्याचें पोतें कोणाच्या ओळखीचें नाहीं? वाण्याच्या दुकानांत, खळ्यावर, आगगाडीच्या मालधक्क्यावर तें पडलेलें असतें आणि त्याच्याकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. परंतु ह्याच गोणपाटानें एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका बंदराचें दैव पालटून टाकलें. त्या बंदराचें नांव डंडी.

टे नदी जेथें समुद्राला मिळते, तेथें खाडीच्या उत्तर तीरावर हें शहर वसलेलें आहे. १८०१ सालीं त्याची वस्ती सुमारें २६ हजार होती. १९०१ सालीं ती १ लाख ६० हजारांवर गेली. ताग येण्यापूर्वीं तेथील कोष्टी रशियाच्या बाल्टिक बंदरांतून येणाऱ्या जवसाच्या धाग्याचें जाडेंभरडें कापड विणीत; शिडें आणि पोतीं त्याचींच होत. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून बंगालचा ताग नमुन्यादाखल विलायतेंत आला, तेव्हां प्रथम त्याला कोणी विचारीना. तो स्वस्त खरा, पण कोरडा आणि ठिसूळ. यंत्रावर चढविला कीं तटातट तुटे.

ह्यावर जो तोडगा निघाला तो डंडीसच निघण्यासारखा होता. उत्तर समुद्रांत जाऊन देवमासे मारण्याचा धंदा तेथें पूर्वापार चालत होता. त्या देवमाशाचें तेल पाण्यांत मिसळून तागावर शिंपडलें, कीं धागा मऊ होऊन सुतासारखा निघे. १८३० नंतरच्या दशकांत ही युक्ति साधली. बंगालच्या शेतकऱ्यानें कमरभर पाण्यांत उभें राहून सोललेला ताग आणि ग्रीनलंडच्या बर्फांत मारलेल्या माशाचें तेल ह्यांची गांठ अशी डंडीच्या धक्क्यावर पडली. १८३८ सालीं डच सरकारनें पूर्वेकडील आपल्या वसाहतींतील कॉफीसाठीं तागाच्या पोत्यांची मोठी मागणी नोंदविली. पुढें १८५४ ते १८५६ ह्या क्रिमियाच्या युद्धांत रशियाचा माल दुर्मिळ झाला, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत तंबू, पोतीं, गाड्यांवरील आच्छादनें ह्यांना सुमार राहिला नाहीं. परक्यांच्या लढायांवर डंडी गबर झाली.

लॉकी ह्या उपनगरांतील कॉक्स बंधूंची कॅम्परडाउन गिरणी ही त्या वैभवाची खूण. भरभराटीच्या काळीं तेथें ५ हजारांच्या आसपास माणसें राबत. १८६६ च्या सुमारास पुरें झालेलें तिचें रंगीत विटांचें धुराडें २८२ फूट उंच आहे. आयर्लंडांतील दुष्काळानें देशोधडीस लागलेलीं कुटुंबें ह्या गिरण्यांच्या आश्रयाला आलीं, आणि अंधाऱ्या खोल्यांतून दाटीवाटीनें राहूं लागलीं.

गिरण्यांत राबणाऱ्यांत स्त्रियांचाच भरणा होता. चार कामकऱ्यांत तीन बायका, असें प्रमाण सांगतात. बाईला मजुरी कमी द्यावी लागे, हें त्याचें सरळ कारण. मुलगा वयांत येऊन पुरी मजुरी मागूं लागला कीं त्याला रजा मिळे. मग नवरा घरीं चूल सांभाळी व बायको भोंगा वाजतांच गिरणीला जाई. अशा पुरुषांना तिकडे 'किटली तापविणारे' असें थट्टेचें नांव पडलें होतें. मात्र ती थट्टा करणाऱ्यांनीं मजुरीचा हिशेब कधीं मांडला नाहीं. यंत्रांच्या आवाजानें कान बधिर होत, म्हणून बायका ओठांच्या हालचालींवरून आणि हाताच्या खुणांनीं बोलत.

मुलांची स्थिति आणखी करुण. कायद्यानें 'अर्धवेळ' मुलांना निम्मा दिवस गिरणींत आणि निम्मा शाळेंत काढण्याची मुभा होती. पहांटेपासून धुळींत राबलेलें मूल दुपारीं पाटीवर काय गिरविणार, हें कोणाहि शिक्षकाला सांगावयास नको. तरी ह्याच मुलांत मेरी स्लेसर होती. अकराव्या वर्षीं ती गिरणींत लागली आणि १८७६ सालीं धर्मप्रचारक म्हणून पश्चिम आफ्रिकेंतील कॅलाबार येथें गेली. टाकून दिलेल्या जुळ्या अर्भकांना तिनें तेथें पोटाशीं धरलें.

व्यापार वाढला तशी खाडीवर पुलाची निकड भासली. टॉमस बाउच ह्या स्थापत्यविशारदानें बांधलेला सुमारें दोन मैलांचा पूल १८७८ सालीं खुला झाला. दुसऱ्याच वर्षीं राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि बाउच 'सर' झाला. त्याच वर्षीं २८ डिसेंबरला, रविवारीं संध्याकाळीं, भयंकर वादळांत पुलाचा मधला उंच भाग कोसळला आणि आगगाडी उतारूंसह खाडींत गेली. सुमारें ७५ माणसें बुडालीं. एकहि वांचलें नाहीं. वाऱ्याचा दाब हिशेबांत धरला नव्हता, आणि ओतीव लोखंडांतील पोकळ्या मेणाच्या मिश्रणानें बुजविल्या होत्या, असें चौकशींत बाहेर आलें. बाउच दहा महिन्यांत खचून मेला. गाडीचें एंजिन मात्र पाण्यांतून काढून पुन्हां चालू करण्यांत आलें, आणि लोक त्याला 'पाणबुड्या' म्हणूं लागले! १८८७ सालीं नवा पूल झाला. जुन्याच्या खांबांचीं खुंटें त्याच्या शेजारीं अजून दिसतात.

तागाचा सर्वच पैसा उधळपट्टींत गेला नाहीं. मेरी अॅन बॅक्स्टर हिच्या देणगीनें १८८१ सालीं युनिव्हर्सिटी कॉलेज निघालें. तेथें १८८८ पासून वनस्पतिशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस हेच पुढें १९१९ सालीं मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. डॉ. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी.

परंतु बराच पैसा देशाबाहेर गेला. रॉबर्ट फ्लेमिंगनें १८७३ सालीं काढलेल्या गुंतवणूक-संस्थेतून तो अमेरिकेच्या रेल्वेंत ओतला गेला. डंडीच्या चाळी मात्र होत्या तशाच राहिल्या. त्याहून विलक्षण गोष्ट कलकत्त्याची. १८५५ सालीं हुगळीकांठीं रिश्रा येथें जी पहिली तागाची गिरणी निघाली, तिचीं यंत्रें डंडीहून आलीं होतीं. मागाहून हुगळीवरील कित्येक गिरण्यांचे व्यवस्थापक आणि मिस्त्री डंडीहूनच जाऊं लागले. कच्चा माल दाराशीं, मजुरी अल्प. शतक सरतां सरतां कलकत्त्यानें डंडीला मागें टाकलें. ज्यांनीं आपल्या हातानें यंत्रें विकलीं, त्यांनींच मग हिंदुस्थानांतील कामाचे तास कायद्यानें कमी करावे अशी ओरड चालविली. हा कळवळा हुगळीच्या मजुरासाठीं किती आणि डंडीच्या पोत्यांसाठीं किती, हें ओळखणें कठीण नव्हतें.

कॅम्परडाउन गिरणी १९८१ सालीं बंद पडली. तागाचें शेवटचें जहाज डंडीच्या धक्क्याला १९९८ सालीं लागलें.