अम्मीबरोबर कॉर्डोबात

काही वर्षांपूर्वी अम्मीला स्पेनमधलं कॉर्डोबा दाखवायला नेलं होतं. गुडघे दुखत होते, तरी टॅक्सी नको, पायीच हिंडायचं हा तिचा हट्ट. रोमन पुलावर दर पन्नास पावलांना टेकत आम्ही नदी ओलांडली. समोर ती मशीद. पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकात बांधायला घेतलेली; १२३६ पासून चर्च.

आत आठशेहून अधिक खांब, वर लाल-पांढऱ्या कमानी. बरेच खांब जुन्या रोमन इमारतींतून आणलेले, म्हणून एकासारखा एक नाही. अम्मी मोजू लागली, तिसाला चुकली, पुन्हा मोजू लागली. जाळीपलीकडच्या मेहराबसमोर तिने पदर डोक्यावर घेतला. इथे नमाज पढायला परवानगी नाही, हे सकाळपासून माझ्या जिभेवर होतं. आता सांगावंच लागलं.

ती गप्प राहिली. मधल्या कॅथीड्रलमध्ये एक म्हातारी गुडघे टेकून बसली होती. तिच्याकडे बघत अम्मी म्हणाली, ‘‘हिचेही दुखत असतील.’’

बाहेर संत्र्याच्या झाडांचं अंगण. पूर्वी इथे वजू करत, मी म्हणालो. तिने कारंज्याच्या पाण्यात हात बुडवले, कोपरापर्यंत धुतले.

‘‘असरची वेळ झाली. हॉटेल किती लांब आहे रे?’’