हनुवटीवरील बोट



काही माणसांची मान आपोआप एका बाजूस वळते आणि तशीच वळून राहते. जोर लावून ती सरळ केली, तरी जोर ओसरताच ती पुन्हा वळते. मात्र अशा रुग्णाने आपले एक बोट हनुवटीला किंवा गालाला हलकेच लावले, की पुष्कळदा मान सरळ येते. बोट मानेला ढकलत नाही. ते केवळ स्पर्श करते. ही युक्ती रुग्णाला कोणी शिकविलेली नसते. ती त्याची त्यालाच सापडलेली असते.

या साध्या युक्तीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८९० च्या दशकात फ्रेंच वैद्य एदुआर ब्रिसो यांनी तिची नोंद केली. परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष रुग्णांना महाग पडला. जी मान स्नायूंच्या बळाला दाद देत नाही ती एका बोटाने सरळ होत असेल, तर विकार शरीराचा नसून मनाचाच असला पाहिजे, असे मानले गेले. १९११ मध्ये जर्मन तज्ज्ञ हेरमान ओपेनहाइम यांनी स्नायूंना पीळ पाडणाऱ्या या विकाराला ‘डिस्टोनिया’ हे नाव देऊन तो शारीरिक असल्याचे प्रतिपादन केले. तरीही मनोविकाराचा शिक्का दीर्घकाळ पुसला गेला नाही. लेखणी हाती धरताच ज्याची बोटे आखडतात, पण इतर कामे करताना ज्याचा हात ठीक चालतो, अशा कारकुनाकडे कामचुकार म्हणूनच पाहिले जाई. १९८२ मध्ये लंडनच्या शीही व मार्सडेन यांनी हाही डिस्टोनियाचाच एक मर्यादित प्रकार असल्याचे दाखवून दिले.

मग स्पर्शाने असे काय साधते? मेंदू स्नायूंना आज्ञा देतो, त्याचबरोबर त्वचा आणि सांध्यांकडून अखंड वार्ताही घेत असतो. डिस्टोनियात या देवाणघेवाणीतच बिघाड असतो. हनुवटीवरचे बोट मेंदूला एक नवी वार्ता पुरविते आणि चुकीची आज्ञा क्षणभर सौम्य होते. १९९६ मध्ये अमेरिकेत नॅन्सी बिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांकडून हाताची एकच हालचाल पुनःपुन्हा करून घेतली, तेव्हा मेंदूतील बोटांच्या निरनिराळ्या जागांच्या सीमा एकमेकींत मिसळल्याचे आढळले.

सरावाने जे बिघडले, ते निराळ्या सरावाने काही अंशी सुधारता येईल काय? या प्रश्नातून औषधाविना करावयाच्या उपचारांची एक शाखा निघाली. वादकाची काही बोटे पट्टीने स्थिर ठेवून आखडणाऱ्या बोटाला संथपणे स्वतंत्र हालचाल शिकविणे, डोळे मिटून बोटांनी अक्षरे व आकार ओळखणे, लेखणीची पकड बदलणे, हे त्यांतील काही मार्ग होत. ते सर्वांना सारखे लाभत नाहीत आणि त्यांना महिनोन्‌महिने चिकाटी लागते.

कंपाच्या रुग्णांनीही अशाच युक्त्या शोधल्या आहेत. पेला अर्धाच भरणे, तो दोन्ही हातांनी धरणे, कोपर अंगाशी किंवा मेजावर टेकविणे, जाड दांड्याचा वा वजनदार चमचा वापरणे, यांनी कंप बरा होत नाही. परंतु चारचौघांत जेवावयास बसण्याचे धैर्य परत येते. ज्याने कंपाच्या लाजेने पंगतीला जाणेच सोडले आहे, त्याला हा लाभ लहान वाटणार नाही.

विकार याही पलीकडे गेला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांना शस्त्रक्रियेच्या वेळी असे दिसले, की मेंदूतील थॅलॅमस या भागाला जलद विद्युत्‌स्पंदने दिली असता कंप थांबतो. मेंदूचा भाग नष्ट न करता तारेवाटे विद्युत्‌स्पंदने देण्याची पद्धत त्यातून विकसित झाली आणि पुढे ती डिस्टोनियासाठीही वापरात आली. येथेही रुग्णाचा सहभाग सुटत नाही. २०१७ मध्ये बंगळूर येथे एका गिटारवादकावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो जागा होता आणि शस्त्रक्रियेच्या मेजावरच गिटार वाजवीत होता. त्याची बोटे मोकळी झाली की नाही, हे त्याच्या वादनावरूनच वैद्यांना कळत होते.

याचा अर्थ औषधे टाकून द्यावीत असा मुळीच नाही. कित्येकांना गोळ्यांनी, तर कित्येकांना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनांनी मोठा आराम पडतो; आणि कंप वा पीळ यांचे मूळ कारण तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते. परंतु स्पर्शाची ती युक्ती अनेक रुग्ण वैद्यांपासून लपवितात. बोट लावल्याने मान सरळ होते असे सांगितले, तर आपल्याला ढोंगी ठरवतील, हे भय त्यांच्या मनात असते. ते भय निराधार नाही. वैद्यकानेच एके काळी ते निर्माण केले आहे. म्हणून तपासणीच्या प्रारंभीच, ‘काय केले म्हणजे तुम्हांला बरे वाटते?’ एवढे विचारावयास वैद्याने विसरू नये. या प्रश्नाला कोणताही खर्च लागत नाही, आणि त्याच्या उत्तरात निदानाची खूण व उपचाराची दिशा या दोन्ही गोष्टी असू शकतात.