रंगाखालचा पत्रा

आपल्या किनारपट्टीवर अजूनही कितीतरी अंगणांत मारुती 800 उभी दिसते. पहिली 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा आता जुनीच म्हणायची. इंजिनाची तक्रार फारशी नसते. सुटे भाग मिळतात, मेकॅनिक मिळतो. इथे गाडी हातची जाते ती पत्र्यापायी. आणि डेंटिंग-पेंटिंगला नेली, की सांगितलेला आकडा ऐकून मालक गाडी तशीच परत घेऊन येतो. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर ते कुठे घालावेत, एवढंच आज बोलणार आहे. उत्तर आधीच सांगतो: खाली घाला. तळ, रनिंग बोर्ड, दरवाजांच्या खालच्या कडा. चकाकी नंतर बघू.

गंजायला लोखंडाला हवा आणि पाणी लागतं, आणि कोकणात दोन्हीची ददात नाही. त्यात मीठ आलं की काम झपाट्याने होतं. समुद्राच्या वाऱ्यातून मीठ येतंच. शिवाय मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या मासळीच्या टेम्पोमागे थोडा वेळ गाडी चालवून बघा, बर्फाचं खारट पाणी उडून मडगार्डाच्या आत जाऊन बसतं. वर जांभ्याची लाल माती. ती आतल्या कडांना थापली जाते, ओल धरून ठेवते, आणि रंगाने गंजासारखीच असल्यामुळे धुतल्याशिवाय माती कुठली आणि गंज कुठला, हे समजत नाही. धुवायचं ते गोड्या पाण्याने. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर त्या दिवशी न धुतलेलं बरं.

दरवाजाच्या खाली रंगावर बारीक फोड दिसला, की लोक म्हणतात, गंज सुरू झाला. बहुतेक वेळा तो तिथे सुरू झालेला नसतो, तिथवर पोचलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो. आपल्याला हापूसमधला साका माहीत आहे. साल पिवळीधमक, कापल्यावर कळतं. तोच प्रकार. म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका. मॅट उचला, स्टेपनी बाहेर काढा, बॅटरीखालचा ट्रे बघा. तिथे पाण्याच्या जोडीला ॲसिडही असतं. लहान हातोडीने रनिंग बोर्डावर टिचक्या मारत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडलेला बद्द आवाज करतो. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबा. आत गेला तर जाऊ द्या, भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते होतंच.

दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. काचेच्या कडेने आत गेलेलं पाणी तिथून गळायचं असतं. माती, झाडाचा पाला आणि कधीकधी पेंटरने फासलेली लांबी यांनी ती बुजतात, आणि मग दरवाजात पाणी साठून राहतं. खराट्याचा एक हीर घ्या आणि भोकं मोकळी करा. या कामाला एक पैसा लागत नाही, आणि माझ्या मते गंजावरचा याहून स्वस्त इलाज दुसरा नाही.

आता प्रत्यक्ष काम. समजा, दरवाजाच्या कडेला रुपयाएवढा डाग आहे. रंग खरवडायला लागलात की तो डाग तळहाताएवढा निघतो; घाबरू नका, पुढे सरका. तारेचा ब्रश आणि जाड पॉलिश पेपर घेऊन पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, आणि चांगल्या पत्र्यावरही इंचभर पुढे जा. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडकं हवंच. नीट पाहिलंत तर पांढऱ्या पत्र्यात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरलेले दिसतील. ब्रश तिथे पोचत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक द्रावण मिळतं, रंगाच्या दुकानात विचारा. ते उरलेल्या गंजाचं फॉस्फेट करतं आणि डाग काळपट पडतो. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, पुसा, पूर्ण सुकू द्या, आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. आपल्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवलात, तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक असते. म्हणूनच हे काम दसऱ्यानंतर काढावं आणि मृगाच्या आत संपवावं. पावसाळ्यात पडवीत गाडी घेऊन कोणी रंग मारू लागला, तर त्याच्या हौसेचं कौतुक करावं, त्याला पैसे देऊ नयेत.

लांबीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. लांबी पोचे भरायला आहे, भोकं भरायला नाही. ती पाणी शोषते. गंजावर थापलेली लांबी ओल आत कोंडून ठेवते, वर रंग छान दिसतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो अख्खा पापुद्रा हातात येतो. तीच गोष्ट खालून मारतात त्या काळ्या कोटिंगची. स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर ते उत्तम. गंजावर मारलं तर नुसतं झाकण. जुनी गाडी विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला चरे पडणार नाहीत. दरवाजाच्या वर चिकटतो आणि खाली निसटतो, असं झालं की तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे हे ओळखा.

भोक पडलेलंच असेल तर ते कुठे आहे, हे महत्त्वाचं. पुढचं मडगार्ड 800 ला बोल्टने बसवलेलं असतं. त्याच्यावर मजुरी खर्चू नका. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात किंवा जवळच्या भंगारवाल्याकडे जुनं पण धड मडगार्ड शोधा. तुमच्याच रंगाचं मिळालं तर नशीब. स्टेपनीच्या खळग्यासारख्या, भार न पेलणाऱ्या जागी फायबरचं मॅट आणि रेझिन चालतं. ते मिळायलाही आपल्याकडे लांब जावं लागत नाही, बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे तेच वापरतात. मात्र रनिंग बोर्ड, सीटचे बोल्ट जिथे येतात तो तळ आणि सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, इथे फायबर नको, लांबी तर नकोच. तिथे सडलेला भाग कापून नवा पत्राच जोडायला हवा. 20 गेजचा पत्रा पुरतो. गॅसच्या वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. सीओटू वेल्डिंगवाला असेल तर त्याच्याकडे जा आणि एकाच जागी सलग न ओढता लांब लांब टाके मारून मग मधलं भरायला सांगा.

पैसे इथेच वाचतात. गॅरेजवाला मजुरी लावतो ती बरीचशी उघडण्याची आणि खरवडण्याची. सीट, मॅट, बिडिंग, दरवाजाचं आतलं कव्हर तुम्ही घरी काढा. खरवडून, सडलेला भाग खडूने आखून गाडी न्या, आणि फक्त कापणं आणि वेल्डिंग एवढ्याचेच पैसे ठरवा. बॅटरीची वायर आधी सोडवा. पेट्रोलची टाकी आणि पाइप जवळ असतील तर ते उतरवल्याशिवाय ज्योत पेटू देऊ नका, आणि हाताशी वाळूने भरलेली बादली व ओलं गोणपाट ठेवा. वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळतो, आणि नवा गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. म्हणून गाडी घरी आली की रनिंग बोर्डाच्या पोकळीत बेलतेल सोडा, लांब नळी लावलेल्या साध्या पंपाने. थोडं खाली ठिबकेल, अंगणात डाग पडतील, घरातून बोलणी बसतील. ती ऐकून घ्या.

राहता राहिला रंग. तो पुढच्या वर्षी मारलात तरी चालेल, पण नुसता प्रायमर उघडा ठेवू नका, तो पाणी अडवत नाही. निदान खालच्या पट्ट्यावर दोन हात रंग हवा. दुसऱ्याच रंगाचा डबा स्वस्तात मिळाला म्हणून अख्खी गाडी रंगवाल, तर आरसी बुकात रंगाची नोंद बदलून घ्यावी लागते.

आणि एक. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पुढे दर 5 वर्षांनी, आणि तेव्हा गाडी तपासली जाते. त्याआधी गाडीखाली जाऊन स्वतः बघा. सस्पेन्शनच्या जागाच दोन्ही बाजूंनी सुटल्या असतील, तर मी म्हणेन, त्या गाडीत पैसे घालू नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, तिथला दाखला घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर पत्रा भंगारात जातो आणि गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते.