पत्रिकेआधी रक्त तपासा

गडचिरोली, नंदुरबारकडच्या बायांना सिकलसेल नवा नाही. लेकराचे हातपाय ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही, आणि बोल लागतो तो सुनेला. तो खरा आहे का, ते आज पाहू.

रक्ताला लाल रंग देणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. ते कसं घडवायचं, याची कृती जनुकात लिहिलेली असते. तिच्या दोन प्रती असतात : एक आईची, एक बापाची. कृतीत एक अक्षर चुकलं की प्रथिन बदलतं. मग गोल, मऊ रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती बारीक नसांत अडकते, म्हणून दुखतं. लवकर फुटते, म्हणून रक्त कमी पडतं.

एकच प्रत चुकीची असेल तो वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, म्हणून कळतही नाही. दोघंही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला बाळ आजारी होण्याची शक्यता चारांत एक. त्या बाळात एक चुकीची प्रत आईची, तर दुसरी बापाची असते. मग एकट्या सुनेला बोल कसा?

सोयरीक ठरवण्याआधी मुलामुलीचं रक्त आरोग्य केंद्रात तपासून घ्या. लग्न झालं असेल, तर दिवस राहताच दोघांनी तपासा.