कॉलेजची फी कोठून आणावी ?

(शेतकरी व कारागीर बांधवांच्या सभेंत झालेलें भाषण)

बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या घरांत पेढे आणि काळजी एकाच दिवशीं येतात. रात्रीं बाप सातबारा काढून बसतो, आई डागिन्यांची पुरचुंडी सोडते, आणि सुतार-लोहाराच्या घरीं हत्यारें विकण्याची गोष्ट निघते. आमचें सांगणें एवढेंच कीं, जमीन, डागिने व हत्यारें यांस हात लावण्यापूर्वीं चार वाटा चालून पाहा.

सरकारी मदत मागणें म्हणजे भीक मागणें नव्हे, हें आधीं मनांत पक्कें करा. तिजोरींतला पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांचें, ही तक्रार जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें मांडली. आजहि खताची गोणी घ्या, साबणाची वडी घ्या, कर भरल्यावांचून ती घरीं येत नाहीं. तेव्हां शिष्यवृत्ति हा तुमच्याच पैशाचा परतावा आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनीं ही अडचण कशी सोडविली तें पाहा. १९०१ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. पुढें निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें झालीं. कारण उघड आहे. खेड्यांतल्या मुलास फी अडवते त्याहून शहरांतली भाकरी अधिक अडवते. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांनीं बाबासाहेब आंबेडकरांस दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षें दिले, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठांत शिकले. कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगांतल्या मुलांच्या जेवणासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे डागिने, शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें. त्या माउलीनें तें परक्यांच्या लेकरांसाठीं केलें. आज तशी पाळी येऊं नये म्हणूनच या वाटा माहीत पाहिजेत.

पहिली वाट फीच्या सवलतीची. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या खुल्या वर्गांतील घरांसाठीं राजर्षि शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति आहे. अनुसूचित जातींच्या मुलांस भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची. शिवाय ८ जुलै २०२४ च्या राज्य सरकारच्या निर्णयानें इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बळ वर्गांतल्या, आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरींतूनच घ्यावा लागतो. दलालाच्या नादीं लागून मॅनेजमेंटची जागा विकत घेतली कीं ही सवलत बुडाली.

दुसरी वाट राहण्याजेवण्याची. अल्पभूधारक शेतकरी व नोंदलेले मजूर यांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं स्वाधार योजना आहे. फीचा अर्ज करणारे पुष्कळ, पण या भत्त्याचें नांवहि न ऐकलेले त्याहून पुष्कळ.

तिसरी वाट स्वकष्टाची. भाऊरावांनीं १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढलें, तेथें मुलें काम करून शिकूं लागलीं. आज पुणें विद्यापीठांत त्यांच्याच नांवानें 'कमवा व शिका' योजना चालते. विळा धरलेल्या हातांस ग्रंथालयांतलें वा बागेंतलें काम जड नाहीं आणि लाजेचेंहि नाहीं.

चौथी वाट कर्जाची. ती शेवटचीच समजा. पहिल्या तीन वाटांनीं भागलें नाहीं तरच बँकेंत जा; सावकाराच्या ओट्यावर नको. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकेनें तारण मागूं नये असा नियम आहे. हप्ते साधारणतः शिक्षण संपल्यावर एका वर्षानें सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतें, हें विसरूं नका.

आतां खरी मेख कागदांत आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असल्यास नॉन-क्रिमिलेअर व जात-पडताळणी, आणि आधारास जोडलेलें बँक खातें, हे सारे कागद मूल बारावींत असतांनाच गोळा करा. निकालानंतर धांवाधांव केली तर दाखला येईपर्यंत मुदत जाते. बहुतेक अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात आणि ते दरसाल नवे करावे लागतात. पहिल्या वर्षीं मिळालें म्हणून दुसऱ्या वर्षीं गप्प बसूं नका. म्हणून आमची सूचना आहे कीं, प्रत्येक गांवांतल्या एका शिकलेल्या तरुणानें निकालानंतर पंधरा दिवस चावडीवर बसून सर्वांचे अर्ज मोफत भरून द्यावे.

शेवटीं एक कडू गोष्ट. मुलाच्या फीसाठीं पैसा नाहीं म्हणणाऱ्या घरांत लग्नाच्या मांडवास, वाजंत्र्यास व मानपानास कर्ज काढलेलें आम्हीं पाहतों. आणि ओढ लागली कीं शिक्षण थांबतें तें बहुधा मुलीचें. बंधुभगिनींनो, मांडव चार दिवसांत उतरतो; मुलीच्या हातीं आलेली विद्या तिच्या लेकरांपर्यंत पुरते. लग्न अंगणांत करा, पण लेकीस कॉलेजांत धाडा.